कॅमलानचा फिका सूर्य

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर परवा एका काकांचा फॉरवर्ड आला: थोर राजा रणात पडला की सूर्य तेज टाकतो. दाखल्याला कुरुक्षेत्र आणि चक्क ब्रिटनचा राजा आर्थर. नागपुरात 45 अंशांत बसून वाचायला बरं वाटलं.

आर्थर खरंच होऊन गेला का, इथूनच वाद आहे. त्याच्या शेवटच्या लढाईची, कॅमलानची, नोंद दहाव्या शतकात संकलित झालेल्या वेल्सच्या लॅटिन बखरीत 537 सालाखाली आहे, तीही एका ओळीची: कॅमलानच्या लढाईत आर्थर आणि मेद्रॉत पडले, आणि ब्रिटन-आयर्लंडात मरी आली. दोघे एकमेकांविरुद्ध लढले असंही त्यात नाही. मेद्रॉतला फितूर भाचा केलं ते पुढच्या कथाकारांनी, आणि मग राज्य परक्यांनी नव्हे, घरच्यांनीच बुडवलं हा अर्थ कॅमलानला चिकटला. आपण त्याला यादवी म्हणतो. रणांगण नेमकं कुठलं, ते अजून ठरलेलं नाही.

पण सूर्य त्या सुमारास फिका पडला होता, हे खरं. 536 मध्ये तो चंद्रासारखा निस्तेज दिसत होता, असं प्रोकोपियस हा इतिहासकार लिहून गेलाय. आयर्लंडच्या ओकमध्ये त्या वर्षाचं वलय अरुंद आहे. आपल्याकडे आरा मशीनवर सागाच्या ओंडक्याचं कापलेलं तोंड ओल्या फडक्याने पुसून बघा. मध्येच दोन-तीन वलयं एकमेकांना खेटलेली दिसतात. झाडाची ती हलाखीची वर्षं.

ग्रीनलंडच्या बर्फात त्याच काळच्या थरात सल्फेट सापडतं, म्हणजे ज्वालामुखी. सूर्य राखेने झाकतो हा गैरसमज. राख लवकर खाली बसते. खरा खेळ सल्फर डायऑक्साइडचा. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघालेला हा वायू काही दिवसांत हवेतून धुऊन निघतो. मोठा उद्रेक मात्र तो थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात फेकतो. तिथे वर जावं तसं तापमान वाढतं, म्हणून हवा ढवळत नाही, पाऊसही नाही. काही आठवड्यांत वायूचे सल्फ्युरिक आम्लाचे थेंब होतात आणि वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात. थेंब साधारण अर्ध्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढाच. त्यामुळे तो ऊन फार चांगलं विखुरतो. जमिनीतून निघणारी अवरक्त उष्णता दहा मायक्रॉनच्या आसपासची, ती मात्र बरीचशी निसटून जाते. आवक कमी, जावक जवळपास तेवढीच. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने जग असंच सुमारे अर्ध्या अंशाने थंड केलं होतं.

कुरुक्षेत्राबद्दल बोलायला नको. ग्रहस्थिती सॉफ्टवेअरमध्ये घालून युद्धाची तारीख काढणारे बरेच आहेत. त्यांच्या तारखांत हजारो वर्षांचं अंतर पडतं आणि प्रत्येकाची तारीख ‘सिद्ध’ असते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं, “म्हणजे सूर्य फिका झाला होताच ना?”

झाला होता, काका. पण आर्थर पडायच्या आदल्या वर्षी.