बिनखर्ची लेखनप्रसार (बेळगाव सीमाभाग)

बिनखर्ची लेखनप्रसार : जाहिरातीला पैसे न मोजता आपल्या लेखनाला वाचक मिळवण्याची आणि तो टिकवण्याची पद्धत. शोधयंत्रे, समाजमाध्यमे, व्हॉट्सॲपचे गट, वाचनालये, साहित्य संमेलने, वर्तमानपत्रांतील वाचकांची सदरे आणि ओळखीच्या माणसाची शिफारस ही तिची मुख्य साधने आहेत. पदरचा पैसा जात नसला तरी वेळ भरपूर जातो. एखादा लेख लिहायला दोन संध्याकाळी लागल्या, तर तो पोचवायलाही तेवढ्याच राखून ठेवाव्या लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी लेखकांना या पद्धतीची गरज इतरांपेक्षा जास्त भासते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथला वाचक कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) राहिला आणि मराठी पुस्तकांचा, नियतकालिकांचा मोठा बाजार महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईची वितरणव्यवस्था इथल्या खेड्यांपर्यंत सहसा येत नाही आणि इथले लेखन तिकडे आपोआप जात नाही. मधली वाट लिहिणाऱ्यालाच पाडावी लागते.

ही वाट नवी नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, ‘बेळगाव समाचार’ १८६३ चा आणि बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेला ‘तरुण भारत’ १९१९ चा. वाचनालयाच्या टेबलावर आलेला एक अंक दिवसभरात किती डोळ्यांखालून जाई, हे खपाच्या आकड्यावरून कधीच कळले नसते. गल्लीतल्या युवक मंडळाच्या फलकावर खडूने लिहिलेला मजकूरही असाच जाता-येता वाचला जातो.

या संदर्भात किर्लोस्करांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे आणि त्याची सुरुवात बेळगावातच होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांच्या कारखान्यातून लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. तिथे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी, एवढाच त्याचा मूळ उद्देश. पण मजकूर वाचनीय असल्याने नांगराशी काही घेणे-देणे नसलेली माणसेही ते वाचू लागली आणि काही वर्षांत त्याचे सर्वसाधारण वाचकांचे मासिक झाले. मालाची स्तुती वाचायला कोणी थांबत नाही, उपयोगाचे आणि गोडीचे काही मिळाले तर माणूस स्वतःहून पुढच्या अंकाची वाट पाहतो, हे त्या पत्रकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले.

संमेलने : अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या आणि २००० मध्ये य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पण नव्या लेखकाला वाचक मिळतात ते कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथल्या ग्रामीण संमेलनांत. सकाळी ग्रंथदिंडी निघते, दारोदारी पालखीचे औक्षण होते, मग मांडवात दिवसभर अख्खे गाव बसते. कविसंमेलनात एखादी कविता रंगली की खाली उतरलेल्या कवीला लोक गाठतात : ‘हे वाचायला कुठं मिळेल?’ त्या क्षणी हातात द्यायला काही नसले, तर तो वाचक गेलाच म्हणायचा. यावर साधा उपाय म्हणजे क्यूआर कोड. तो फुकट तयार करता येतो. एका ए-फोर कागदावर आठ कोड बसवायचे, प्रत्येकाखाली लेखकाचे नाव आणि ‘आज वाचलेली कविता इथे आहे’ एवढी एक ओळ टाकायची. त्याची झेरॉक्स काढून कात्रीने चिठ्ठ्या करायच्या. मात्र कोड उघडल्यावर तीच कविता समोर यावी. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडले तर ती शोधत बसण्याचा धीर फार थोड्यांना असतो.

शोधातून येणारा वाचक : हा वाचक सर्वांत कमी बोलतो, पण वर्षानुवर्षे येत राहतो. त्याला लेखकाचे नाव ठाऊक नसते, त्याला फक्त एक प्रश्न पडलेला असतो. मलप्रभा नदीचा उगम खानापूर तालुक्यात कणकुंबीला आहे. त्यावरच्या लेखाला ‘निसर्गाच्या कुशीत एक दिवस’ असे शीर्षक दिले, तर तो कोणाच्याही शोधात येणार नाही, कारण तसे शब्द कोणी टंकत नाही. ‘कणकुंबी : मलप्रभेचा उगम, बेळगावहून जाण्याचा रस्ता आणि पावसाळ्यातील काळजी’ हे शीर्षक रुक्ष वाटेल, पण पुण्याहून निघालेल्या कुटुंबाला तेच हवे असते. लालित्याला लेखाच्या आत भरपूर जागा आहे. शहराच्या नावाचीही अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झाले, मराठी माणूस बेळगाव लिहितो, हिंदी भाषक बेलगाम शोधतो आणि कॉलेजातली मुले रोमन लिपीत टंकतात. ही रूपे पहिल्या परिच्छेदात किंवा लेखाच्या वर्णनात एकदा सहज येऊन जावीत. प्रत्येक वाक्यात कोंबली तर लेख वाचवत नाही आणि शोधयंत्रेही अशा लेखाला मागे टाकतात.

इथल्या लेखकांपुढचा जुना मजकूर हा वेगळाच प्रश्न आहे. स्मरणिका, दिवाळी अंक, शाळांची वार्षिके यांचे अक्षरजुळणीचे काम वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या फाँटांत झाले. ती फाईल तशीच चढवली तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, आणि पानांचे नुसते फोटो टाकले तर आतला मजकूर शोधात क्वचितच सापडतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर तसाच दिसणाऱ्या संकेतपद्धतीत, बदलून देणारी साधने मोफत मिळतात. त्यांतून रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात, म्हणून एकदा बारकाईने मुद्रितशोधन करावे लागते. काम कंटाळवाणे खरे. पण एखाद्या गावच्या शाळेचा शंभर वर्षांचा इतिहास फक्त त्या स्मरणिकेतच असतो, आणि तो जगासमोर आणण्याइतका मोठा बिनखर्ची प्रसार दुसरा नाही.

व्हॉट्सॲप : सीमाभागात लेख पोचतो तो मुख्यतः इथून. या माध्यमाच्या मर्यादा माहीत असलेल्या बऱ्या. एका गटात १,०२४ माणसे मावतात. प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश मिळतो. २०१८ पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येतो, आणि पुष्कळदा फिरलेला संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी. त्यामुळे एकाच माणसाने गावभर लिंक वाटण्याला अर्थ उरलेला नाही. दहा जणांनी स्वतःची एकेक ओळ जोडून आपापल्या गटात टाकले, तर ते अधिक वाचले जाते. ‘नवीन लेख, नक्की वाचा’ याने कोणी हलत नाही. ‘बेळगाव बासमतीचं बियाणं आपल्या शिवारातून का कमी झालं, जुन्या शेतकऱ्यांशी बोलून लिहिलंय’ असे म्हटले की शेतकरी थांबतो. गट कशासाठी आहे हेही पाहावे. दहावीच्या बॅचच्या गटावर शाळेची आठवण चालते, भजनी मंडळाच्या गटावर राजकीय लेख चालत नाही. ॲडमिनला आधी ‘दादा, हे टाकलं तर चालेल ना?’ असे विचारणे ही इथली रीत आहे, आणि विचारून टाकलेल्या लेखाला तोच पहिला दाद देतो.

याच माध्यमात लेखकाचे नाव सर्वांत जास्त गळते. मजकूर कापून चिकटवला जातो आणि खाली ‘संकलित’ असे येते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५७ नुसार आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क लेखकाकडे कायम राहतो, पण फिरत्या संदेशामागे कायदा धावत नाही. म्हणून कविता किंवा छोटे टिपण पूर्ण पाठवावे आणि नाव-गाव शेवटच्या ओळीतच गुंफावे. दीर्घ लेखाचा सुरुवातीचा भाग आणि लिंक पाठवावी.

फेसबुकने २०१८ मध्ये पानांपेक्षा (पेजेस) मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला प्राधान्य दिले. तेव्हापासून नुसत्या पानावर टाकलेली लिंक थोड्यांनाच दिसते. नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्या बेळगावकरांच्या गटांत ती टाकून खाली येणाऱ्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर दिले, तर ती बरीच पुढे जाते. विकिपीडियात स्वतःच्या लेखाच्या लिंका पेरू नयेत. त्या काढल्या जातात आणि नावही खराब होते.

सीमेपलीकडचे आणि शेजारचे वाचक : चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. आज तो कोल्हापुरात असला तरी सोयरिकी, बाजार आणि बोली जुन्याच आहेत. त्यामुळे चंदगड, गडहिंग्लज आणि चोर्ला घाटाखालचा गोवा हा बेळगावच्या लेखकाचा हक्काचा वाचक आहे. तिकडच्या नियतकालिकांसाठी मोबदला न घेता लिहिणे, त्यांच्या लेखकांना आपल्याकडे जागा देणे आणि एकमेकांच्या लेखांचा नावानिशी उल्लेख करणे यातून तो मिळतो. कन्नड वाचकाकडे मात्र मराठी लेखक विनाकारण पाठ फिरवतात. किल्ले, नद्या, पिके, जुनी देवळे हे विषय दोघांचेही आहेत. लेखाखाली पाच ओळींचा कन्नड सारांश दिला, तर शेजारचा माणूस तो आपल्या गटात पाठवतो. सीमावादावर चढ्या आवाजात लिहिलेला लेख एका रात्रीत पुष्कळ फिरतो खरा, पण त्यातून आलेली गर्दी दुसऱ्या दिवशी परतत नाही. या प्रश्नावर कागदपत्रांनिशी, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा तपशील समजावून शांतपणे लिहिलेला लेख मात्र विद्यार्थी आणि पत्रकार पुन्हा पुन्हा उघडतात.

मोजमाप : एकूण किती जणांनी उघडले या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. पुन्हा आलेले वाचक किती आणि कोणत्या शब्दांनी शोधत आले, हे पाहावे. यातली शोधशब्दांची माहिती गुगलचे सर्च कन्सोल विनामूल्य देते. लोकांनी शोधलेला पण आपल्या लेखात उत्तर नसलेला प्रश्न सापडला की पुढचा विषय मिळाला. प्रसंगाचे लेख आधी तयार ठेवावेत, कारण नवा लेख शोधयंत्राच्या नोंदीत येऊन वर सरकायला वेळ लागतो. बेळगावची पारंपरिक शिवजयंती आणि तिची चित्ररथ मिरवणूक वैशाखात असते, म्हणून तिच्यावरचा लेख चैत्रातच चढवावा. पुढच्या वर्षी नवा लेख न करता त्याच पत्त्यावरच्या जुन्या लेखात नवी तारीख, मिरवणुकीचा मार्ग आणि बंद असणारे रस्ते भरावेत, म्हणजे आधीच्या वर्षी मिळालेल्या लिंका आणि वाचक त्याच ठिकाणी येत राहतात.