पेट्रोब्रासचे अध्यक्षपद

ब्राझीलच्या सरकारी तेलकंपनीचे सर्वोच्च कार्यकारी पद. ‘तेल आमचे आहे’ या घोषणेच्या चळवळीतून, गेतुलिओ वार्गास राष्ट्राध्यक्ष असताना १९५३ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. मताधिकार असलेले निम्म्याहून किंचित अधिक समभाग सरकारकडे, बाकीचे खासगी भागधारकांकडे. त्यामुळे अध्यक्षाला धनी दोन. जगात तेल महागले की एकाला दरवाढ हवी असते, दुसऱ्याला ती निवडणुकीत महागात पडते.

राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्या काळात कंपनी बाहेरून महाग आणलेले इंधन देशात स्वस्त विकत राहिली आणि कर्जात बुडाली. त्यातच २०१४ मध्ये ‘लाव्हा जातो’ तपासातून कंत्राटांमधील लाचखोरी उघड झाली. २०१६ च्या कायद्याने पक्षांच्या निवडणूक प्रचारात भाग घेतलेल्यांना सरकारी कंपन्यांच्या वरिष्ठ पदांसाठी ३६ महिने बंदी घातली. त्याच वर्षी कंपनीचे अध्यक्ष पेद्रो पारेन्ते यांनी देशातले दर आयातखर्चाशी जोडले. मे २०१८ मध्ये डिझेलच्या भावावरून ट्रकचालकांनी देश ठप्प केला. सरकारने डिझेलचे भाव उतरवले आणि पारेन्ते यांनी १ जूनला राजीनामा दिला.

बाजारवादी म्हणून निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनीही हस्तक्षेपाचाच मार्ग धरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी कंपनीचे अध्यक्ष रोबेर्तो कास्तेलो ब्रांको यांच्या उचलबांगडीची घोषणा फेसबुकवर केली. पुढच्या सोमवारी समभाग २० टक्क्यांहून अधिक कोसळले. त्यांच्या जागी आणलेले निवृत्त जनरल जुआकिम सिल्वा इ लुना हुकूम पाळतील, अशी अनेकांची अटकळ होती. पण युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये त्यांनीही डिझेल सुमारे २५ टक्क्यांनी महाग केले आणि त्याच महिन्यात त्यांना हटवण्याचा निर्णय झाला. नंतरचे जोझे माउरो कोएल्यो जेमतेम दोन महिने टिकले.

अध्यक्षाला थेट बडतर्फीचे पत्र देता येत नाही. तो संचालक असावा लागतो, आणि त्याला हटवायचे तर बहुधा भागधारकांची सभा बोलवावी लागते. यात आठवडे जातात, म्हणून राजीनामाच मागितला जातो.

राष्ट्राध्यक्ष लुला यांनी नेमलेले जाँ पॉल प्रातेस स्वपक्षाचेच सिनेटर. त्यांनी मे २०२३ मध्ये आयातखर्चाचे सूत्र सोडले, तरी विशेष लाभांशाच्या वादानंतर मे २०२४ मध्ये त्यांनाही जावे लागले. त्यांची जागा माग्दा शांब्रियार यांनी घेतली.