बिझनेस स्कूलच्या मानांकनाची कुळकथा

प्रवेशाचे दिवस आले की पुण्या-मुंबईतल्या व्यवस्थापन संस्थांच्या जाहिरातीत एक ओळ हमखास दिसते : ‘एआयसीटीई मान्यताप्राप्त, नॅक ए प्लस, एनबीए मानांकित’. तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, म्हणून त्या एकाच जातीच्या वाटतात. पण एआयसीटीई ही तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्रीय परिषद; तिची मान्यता म्हणजे खासगी संस्थेला वर्ग भरवण्याची परवानगी. ती मिरवण्यात तसा काही अर्थ नाही. नॅक आणि एनबीए देतात ते मानांकन वेगळं. बाहेरचे जाणकार येतात, कागद तपासतात, शिक्षक-विद्यार्थ्यांशी बोलतात आणि संस्था सांगते तसं खरंच चालतं का ते ठरवतात. अलीकडे काही संस्था याच ओळीत एएसीएसबी, एक्विस, अ‍ॅम्बा ही परदेशी मानांकनांची नावंही छापतात. या नावांनी पत वाढते का, हे पाहायचं तर अमेरिकेपासून सुरुवात करावी लागते.

१९१६ मध्ये हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो, पेनसिल्व्हेनिया अशा १७ विद्यापीठांच्या बिझनेस स्कूल एकत्र आल्या आणि त्यांनी एएसीएसबी ही संघटना स्थापन केली. त्या काळी विद्यापीठात ‘धंदा’ शिकवायचा ही कल्पनाच इतर विभागांतल्या प्राध्यापकांना रुचत नव्हती. गावोगावी हिशेब आणि टंकलेखन शिकवणारी खासगी कमर्शियल कॉलेजं होती. आपण त्यातले नाही, हे दाखवणं या शाळांना गरजेचं होतं. १९१९ मध्ये पहिले निकष ठरले. म्हणजे ज्यांची परीक्षा व्हायची त्यांनीच प्रश्नपत्रिका काढली होती. हार्वर्डची पत शिक्क्यामुळे वाढली नाही. हार्वर्ड आत असल्यामुळे शिक्क्याला पत आली. हा उलटा प्रवाह पुढच्या सगळ्या इतिहासात वाहताना दिसतो.

खरं वळण १९५९ चं. त्या वर्षी फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या पाठबळावर दोन स्वतंत्र अहवाल आले आणि दोघांनीही बिझनेस स्कूलची सालटी काढली. विद्यार्थी सुमार, शिक्षकांचा अभ्यास तोकडा, अभ्यासक्रम बाजारू आणि संशोधन जवळजवळ नाहीच, असा एकूण सूर होता. फोर्ड फाउंडेशन नुसतं बोलून थांबलं नाही. त्या सुमारास त्यांनी काही निवडक शाळांवर साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून पीएचडीधारक, गणित आणि समाजशास्त्रं जाणणारा प्राध्यापकवर्ग उभा करायला हातभार लावला. एएसीएसबीचे निकषही त्याच दिशेने कडक होत गेले. चांगली बिझनेस स्कूल म्हणजे संशोधन करणारी बिझनेस स्कूल, हे समीकरण तेव्हा रुजलं. आज आपल्याकडचे प्राध्यापक शोधनिबंधांच्या मागे धावताना दिसतात, त्याचं एक मूळ तिथे आहे.

याच फोर्ड फाउंडेशनचा पैसा आपल्याकडेही आला. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादचे आयआयएम सुरू झाले. कोलकात्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलची साथ होती, अहमदाबादला हार्वर्डची. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभी राहिली. या तिघांचं नाव झालं तेव्हा देशात मानांकन देणारी यंत्रणाच नव्हती. आयआयएम तर २०१७ चा कायदा येईपर्यंत पदवीही देत नव्हते, पदविका देत होते. कुणाचं काही अडलं नाही. प्रवेश मिळणं किती अवघड आणि नोकरी कुठे लागते, या दोन गोष्टींवर त्यांची पत उभी राहिली.

युरोपातली गोष्ट थोडी निराळी. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या काही मोजक्या एमबीए पदवीधरांनी संघटना काढली, तिचीच पुढे अ‍ॅम्बा झाली. ती पूर्ण शाळा तपासत नाही, एमबीए आणि त्यासारखे अभ्यासक्रम तपासते. ब्रुसेल्सच्या ईएफएमडी या व्यवस्थापन शिक्षणाच्या संघटनेने १९९७ मध्ये एक्विस हे मानांकन आणलं. त्यात उद्योगांशी नातं आणि आंतरराष्ट्रीय चेहरा यांना वजन जास्त. त्याच वर्षी एएसीएसबीने फ्रान्सच्या एसेक या बिझनेस स्कूलला मानांकन देऊन उत्तर अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं. स्पर्धा लागली म्हटलं तरी चालेल. एएसीएसबीला हे जमलं ते १९९१ च्या बदलामुळे. तोवर सगळ्यांना एकच फूटपट्टी होती. त्यानंतर प्रत्येक संस्थेला तिने स्वतः जाहीर केलेल्या ध्येयानुसार तपासायचं ठरलं. हा बदल उदार होता, तसाच मानांकनाची बाजारपेठ मोठी करणाराही होता. आज एएसीएसबी मानांकित संस्था हजाराच्या आसपास आहेत, तर तिन्ही शिक्के असलेल्या, ज्याला ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात, त्या जगातल्या एकूण संस्थांच्या जेमतेम एक टक्का.

दरम्यान १९८८ मध्ये ‘बिझनेसवीक’ने विद्यार्थी आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांना विचारून क्रमवारी छापली आणि पहिल्या नंबरावर हार्वर्ड नव्हे, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची केलॉग आली. खळबळ माजली. मानांकन फक्त ‘पास’ म्हणतं, क्रमवारी कोण कुणाच्या पुढे ते सांगते. लोकांना दुसरंच वाचायला आवडतं. मग मानांकनाचं महत्त्व संपायला हवं होतं. झालं उलटंच. ‘फायनान्शियल टाइम्स’च्या एमबीए क्रमवारीत उतरायलाच एएसीएसबी किंवा एक्विस लागतं. शिक्का पुढच्या दरवाजाची चावी झाला. माझ्या मते त्याची आजची किंमत मुख्यतः यातच आहे. विद्यार्थी एएसीएसबीचं नाव वाचून प्रवेश घेत नाही. पण परदेशी विद्यापीठाला विद्यार्थी अदलाबदलीचा करार करताना समोरची शाळा कोणती हे चटकन कळायला ते नाव लागतं.

भारतात एनबीए आणि नॅक दोन्ही १९९४ चे. एनबीए अभ्यासक्रम तपासतं, नॅक पूर्ण संस्था. नॅकची पीअर टीम, म्हणजे तपासणी पथक, यायचं म्हटलं की काय होतं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या शिपायाला विचारा. भिंतींना रंग लागतो, माजी विद्यार्थ्यांना फोन जातात, पाच वर्षांची इतिवृत्तं एका आठवड्यात ‘सापडतात’ आणि क्रायटेरियननिहाय फायलींचे गठ्ठे टेबलांवर चढतात. यातून काहीच साधत नाही असंही नाही. जिथे कधी कसली नोंदच ठेवली जात नव्हती तिथे ती ठेवली जाऊ लागली. पण फाइल उत्तम आणि वर्ग रिकामा, हेही शक्य झालं.

परदेशी मानांकनाचा मोठा फायदा झाला तो मधल्या फळीला, म्हणजे आयआयएमच्या नावाचं वलय नसलेल्या, पण काम बरं असलेल्या संस्थांना. गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट १९९३ मध्ये निघाली आणि रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीतून पुढे साखळीला गेली. तिने अ‍ॅम्बा आणि एएसीएसबी दोन्ही मिळवली. अशा संस्थेला गोव्याबाहेर, देशाबाहेर स्वतःची ओळख करून देताना हे शिक्के उपयोगी पडतात.

किंमतही मोजावी लागते, फक्त पैशांची नाही. एएसीएसबीच्या निकषात एकूण अध्यापनाचा साधारण ७५ टक्के भाग संस्थेच्या कामकाजात पूर्ण सहभागी असलेल्या प्राध्यापकांनी सांभाळावा, अशी अपेक्षा असते. जमनालाल बजाजची ख्याती मात्र दक्षिण मुंबईतल्या कंपन्या-बँकांमधून संध्याकाळी येऊन शिकवणाऱ्या व्हिजिटिंग फॅकल्टीवर पोसलेली. जे एका ठिकाणी बलस्थान, तेच निकषाच्या तक्त्यात उणीव ठरू शकतं.

नॅकची स्वतःचीच पत मधल्या काळात डळमळली. पुण्याचे भूषण पटवर्धन कार्यकारी समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी प्रक्रियेतल्या गैरप्रकारांबद्दल जाहीरपणे शंका घेतल्या आणि २०२३ मध्ये ते पायउतार झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी पथकातल्या सदस्यांना अटक केली. त्याआधीच, मानांकनातल्या सुधारणांसाठी नेमलेल्या राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनुसार, २०२४ च्या सुरुवातीला श्रेणी काढून टाकून नुसतं ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’ एवढंच सांगायचा बेत जाहीर झाला होता. तो अमलात आला की जाहिरातीतलं ‘ए प्लस प्लस’ जाईल. त्या रिकाम्या जागी बहुधा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतला क्रमांक येईल, आणि ज्यांचा क्रमांक सांगण्यासारखा नाही ते परदेशी शिक्क्यासाठी अर्ज भरायला घेतील.