दाण्यात लोह हवं असेल तर हिराकस खाचरात टाकू नका
ठाणे जिल्ह्यातल्या भात उत्पादक ग्राहकांसाठी

मुरबाड, शहापूर, भिवंडीकडून आमच्या ठाण्याच्या दुकानात येणारे शेतकरी हल्ली युरियासोबत हिराकसही (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) मागतात. घरच्या तांदळात लोह वाढावं, पोरीबाळींच्या अंगात रक्त भरावं, ही त्यामागची इच्छा आम्हाला मोलाची वाटते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. पण एकरी दहा किलो हिराकस चिखलणीत टाकून हे साधत नाही, आणि त्यासाठी आम्ही तो कोणाला देतही नाही.

कारण आपल्या मातीतच आहे. कोकणची तांबडी जांभ्याची माती लोहाने भरलेली असते. खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि तेच लोह विरघळून मुळांशी येतं. सखल खाचरात पाण्यावर तेलासारखा चकाकणारा तांबूस तवंग दिसतो, तो याच लोहाचा. तिथे खालच्या जुन्या पानांवर शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके पडत गेले, तर लोह जास्त झाल्याची शंका घ्यावी. अशा वेळी पाणी काढून खाचर दोन-चार दिवस मोकळं ठेवायचं. पालाश कमी पडलं असेल तर तेही द्यायचं. लोह कमी पडतं ते बहुधा चुनखडीच्या किंवा पाणी न साचणाऱ्या जमिनीत. जमीन आरोग्य पत्रिका काढून बघा: लोह ४.५ पीपीएमच्या (किलोभर मातीत ४.५ मिलिग्रॅमच्या) वर असेल तर जमिनीतून देण्याची गरज नाही.

मग अडतं कुठे? रोप मुळातून लोह घेतं, पण दाण्यापर्यंत फार थोडं जाऊ देतं. म्हणून फवारणी पानांवर, तीही पोटरीपासून दाणा भरेपर्यंतच्या काळात.

प्रमाण असं: लिटरला ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. आधी लिटरला १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवा, मग हिराकस घाला. द्रावण फिकट हिरवट राहिलं पाहिजे. गंजासारखं तांबूस झालं तर ओतून द्या, ते पानात शिरत नाही. बोअरच्या जड पाण्यात हे लवकर घडतं, म्हणून विहिरीचं किंवा पावसाचं पाणी बरं. द्रावण तेव्हाच्या तेव्हा वापरा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा स्फुरदाचं विद्राव्य खत त्यात मिसळू नका. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलंच राहील असं बांधलेलं लोह) महाग पण सोयीचं. त्याचं प्रमाण वेगळं असतं, पुड्यावरचंच पाळा.

पहिली फवारणी भात पोटरीत असताना (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते तेव्हा), दुसरी दाणा दुधात असताना. फुलोऱ्यात सकाळी फुलं उघडलेली असतात, तेव्हा पंप खांद्यावर घेऊच नका; दुपार कलल्यावर, पुढचे काही तास पाऊस नाही असं बघून फवारा. हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) भाताला ही वेळ ऐन पावसात गाठावी लागते, गरव्याला (उशिरा तयार होणाऱ्याला) थोडी उघडीप मिळते. युरियाचा शेवटचा हप्ताही चुकवू नका, पानातलं लोह दाण्याकडे जायला नत्राची मदत होते. जास्त मात्र नको, करपा येतो.

फायदा किती? सरळ सांगतो: थोडाच, आणि वाणागणिक वेगळा. फवारणीने जस्त दाण्यात चांगलं चढतं, लोह त्यामानाने कमी. उत्पन्न वाढेल असंही आम्ही म्हणत नाही.

जे चढतं तेही गिरणीत जातं. लोह बहुतेक कोंड्यात आणि अंकुरात असतं. बिनपॉलिश तांदळात किलोला साधारण १० मिलिग्रॅम धरा. पांढराशुभ्र केला की २ ते ४ उरतं. फवारणीवर खर्च करून तांदूळ चकचकीत करून आणणं म्हणजे पैसे कोंड्यात घालणं. गिरणीत पॉलिश कमी ठेवायला सांगा. असा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून भात कणगीतच ठेवा आणि महिन्यापुरतंच भरडून आणा.

पाव किलो बिनपॉलिश तांदळातून अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची आहे. त्यामुळे रक्तक्षय असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या गोळ्या थांबवू नका. पानात लिंबाची फोड असू द्या, चहा जेवणानंतर लगेच नको.

दुकानात येताना वाणाचं नाव, लावणीची तारीख आणि जमीन आरोग्य पत्रिका आणा. फवारणीचा आठवडा आम्ही काढून देऊ. हिराकस सुटा, लागेल तेवढाच मोजून मिळेल.