आयपीएफएस आणि फाइलकॉइन : ब्लॉकचेनसाठी विकेंद्रित साठवण

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली नोंदींची साखळी. तिच्यावरच्या उपयोजनांना लागणारी चित्रे, दस्तऐवज आणि इतर मोठ्या फाइली साखळीबाहेर, पण कोणा एका कंपनीच्या ताब्यात न देता, अनेक स्वतंत्र संगणकांवर ठेवण्याची पद्धत म्हणजे विकेंद्रित साठवण. इंटरप्लॅनेटरी फाइल सिस्टिम, म्हणजेच आयपीएफएस, ही तिच्यातील सर्वांत रुळलेली यंत्रणा. हुआन बेनेट यांनी २०१४ मध्ये तिचा आराखडा मांडला आणि २०१५ च्या सुरुवातीला त्यांच्या प्रोटोकॉल लॅब्ज या कंपनीने तिची पहिली आवृत्ती खुली केली.

फाइल थेट साखळीवर का ठेवत नाहीत, याचे उत्तर खर्चात आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर ३२ बाइटचा एक नवा कप्पा भरायला किमान २०,००० गॅस (शुल्क मोजण्याचे एकक) लागतो. या हिशेबाने एक एमबीचे चित्र लिहायला सुमारे ६५.५ कोटी गॅस लागेल. एका ब्लॉकची, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याची, मर्यादा ३ कोटी गॅस होती त्या काळात, बाकी सगळे व्यवहार थांबवूनसुद्धा, या एका चित्राने बावीसच्या आसपास ब्लॉक खाल्ले असते. साखळीवर लिहिलेली गोष्ट प्रत्येक पूर्ण नोडला (साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला) बाळगावी लागते, म्हणून ही किंमत मुद्दामच चढी ठेवलेली आहे. एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा, मात्र नेमका ३२ बाइटचा असतो आणि एका कप्प्यात मावतो. त्यामुळे साखळीवर हॅश आणि बाहेर फाइल अशी वाटणी रूढ झाली.

नेहमीच्या वेबवरचा पत्ता फाइल कोठे आहे ते सांगतो. आयपीएफएसचा पत्ता, म्हणजे सीआयडी, फाइल कोणती आहे ते सांगतो. फाइलचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा हॅश काढतात, ते हॅश मर्कल पद्धतीने, म्हणजे हॅशांचे पुन्हा हॅश काढत, एकमेकांत गुंफतात आणि सर्वांत वरच्या हॅशवरून सीआयडी तयार होतो. एक बिट बदलला तरी सीआयडी बदलतो. उलट, तीच फाइल वेगळ्या आकाराचे तुकडे पाडून चढवली तरीही सीआयडी वेगळा येतो. मजकूर एकच आणि पत्ते दोन, असे दिसले की नवखे लोक इथेच गोंधळतात. कोणता तुकडा कोणत्या नोडकडे आहे याची नोंद कॅडेम्लिया पद्धतीच्या वितरित, म्हणजे अनेक नोडांत विभागलेल्या, सारणीत असते. फाइल कोणाही अनोळखी नोडकडून आली तरी हॅश ताडून ती अस्सल आहे की नाही ते कळते. एप्रिल २०१७ मध्ये तुर्कस्तानात विकिपीडियावर बंदी आली, तेव्हा तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर ठेवली गेली ती याच बळावर.

सीआयडी फाइलची ओळख पटवतो. ती कोणीतरी जपून ठेवली आहे याची हमी देत नाही. इथे सर्वाधिक गैरसमज होतो, आणि त्याची झळ सामान्य वापरकर्त्याला बसते. जी फाइल एखाद्या नोडने ‘पिन’ केलेली, म्हणजे पुसायची नाही अशी खूण केलेली नाही, तिचे तुकडे जागा मोकळी करताना पुसले जाऊ शकतात. शेवटची प्रत गेली की साखळीवर उरतो तो फक्त हॅश, आणि हॅशवरून फाइल परत मिळवता येत नाही. अनेक प्रकल्प पिन करण्याचे काम एकाच सशुल्क सेवेवर सोपवतात. तिचे पैसे थकले की विकेंद्रीकरण नावापुरतेच उरते. एनएफटी म्हणजे चित्रासारख्या डिजिटल वस्तूची मालकी दाखवणारे साखळीवरचे टोकन. त्याच्या ईआरसी-७२१ मानकात तर टोकन कोणत्याही पत्त्याकडे बोट दाखवू शकते, साध्या सर्व्हरकडेसुद्धा. २०२२ मध्ये एफटीएक्स ही कूटचलनांची बाजारपेठ दिवाळखोरीत गेल्यावर तिच्या सर्व्हरवरची अनेक एनएफटी चित्रे दिसेनाशी झाली. टोकने मालकांच्या खात्यात शाबूत होती.

फाइल जपण्यामागे आर्थिक कारण उभे करण्यासाठी त्याच प्रोटोकॉल लॅब्जने फाइलकॉइन आणले. २०१७ च्या टोकनविक्रीत त्यासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि मुख्य जाळे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. साठवणूकदार तारण ठेवतो, डेटा ३२ किंवा ६४ जीआयबीच्या (जीबीहून किंचित मोठे एकक) सेक्टरमध्ये, म्हणजे साठवणीच्या ठरावीक कप्प्यात, ‘सील’ करतो, म्हणजे खास रूपात बदलून बंद करतो आणि स्वतंत्र प्रत खरोखर बनवल्याचा पुरावा देतो. त्यानंतर दर २४ तासांत त्याला प्रत अजून आपल्याकडे असल्याचे सिद्ध करावे लागते. चुकल्यास दंड होतो. करार मुदतीचे असतात, नूतनीकरण न केल्यास बंधन संपते. सील उघडायला वेळ लागत असल्याने रोज लागणाऱ्या फाइली आयपीएफएसवर पिन करून फाइलकॉइनवर राखीव प्रत ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आर्वीव्हने वेगळी वाट धरली. तेथे एकदाच शुल्क भरायचे. त्यातला मोठा भाग निधीत जातो आणि त्यातून पुढची साठवण भागते. आजच्या दराने २०० वर्षे पुरेल असा हिशेब धरतात. साठवणीचा खर्च घटत राहिला तर तो निधी त्याहूनही अधिक काळ पुरेल, असे गृहीत आहे. स्वार्म, सिया आणि स्टोर्ज ही विकेंद्रित साठवणीची आणखी काही जाळी. इथेरियमवर मार्च २०२४ पासून मिळणारे ‘ब्लॉब’, म्हणजे तात्पुरते ठेवलेले डेटाचे गठ्ठे, मात्र यांच्यात मोजू नयेत. ते साधारण १८ दिवसच ठेवले जातात.

आयपीएफएस फाइल आपणहून कूटबद्ध करत नाही. सीआयडी ज्याच्या हाती लागेल त्याला फाइल उघडता येते, आणि दुसऱ्याच्या नोडवरची प्रत पुसून टाकण्याचा आदेश कोणी देऊ शकत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याच्याशी याचा थेट खटका उडतो. त्यामुळे आधारक्रमांक, आरोग्याच्या नोंदी किंवा गुणपत्रके अशा जाळ्यावर उघडी ठेवू नयेत. काही प्रकल्प फाइल आधी कूटबद्ध करतात आणि मागणी आल्यास किल्ली नष्ट करतात. एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने माहिती ‘पुसली’ असे मानायचे का, यावर मतभेद आहेत.