शीर्षकगीत

चित्रपटाचा मध्यवर्ती आशय ज्या गीतात एकवटलेला असतो किंवा ज्याच्या शब्दांत चित्रपटाचे नाव गुंफलेले असते, अशा गीताला शीर्षकगीत म्हणतात. बोलण्यात ‘टायटल साँग’ आणि ‘थीम साँग’ हे दोन्ही शब्द त्यासाठी सर्रास वापरले जातात. मात्र नाव असलेले गीत आणि आशय पेलणारे गीत एकच असेल असे नाही. ‘बरसात’ (१९४९) या हिंदी चित्रपटातील शैलेंद्र यांच्या गीतात चित्रपटाचे नाव थेट येते, तर ‘सामना’ (१९७५) या मराठी चित्रपटाचे सार सांगणाऱ्या गीतात ‘सामना’ हा शब्दच नाही. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकाराचा, विशेषतः पुण्याशी निगडित मराठी परंपरेच्या अनुषंगाने, विचार केला आहे.

या गीतप्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. त्याचे मूळ संगीत नाटकाच्या नांदीत, म्हणजे नाटकाच्या आरंभी गायल्या जाणाऱ्या स्तवनगीतात, शोधले जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, आणि नांदीने देवतास्तवनाबरोबरच पुढील कथावस्तूचीही किंचित सूचना द्यावी, ही अपेक्षा संस्कृत नाट्यपरंपरेतच आहे. शिवाय गोविंदराव टेंबे आणि मास्टर कृष्णराव हे संगीत रंगभूमीवर घडलेले कलावंत पुढे प्रभात फिल्म कंपनीचे संगीतकार झाले, हा दुवाही भक्कम आहे. परंतु नांदी एकदाच होते. कथा सुरू झाल्यावर ती परतत नाही, आणि शीर्षकगीताचे सामर्थ्य तर त्याच्या परतण्यात असते. पाश्चात्त्य बोलपटांच्या अनुकरणाचे मतही मांडता येते. तथापि संपूर्ण कथेला सोबत करणाऱ्या गीताचा तिकडील सुपरिचित नमुना, ‘हाय नून’, १९५२ चा आहे, आणि तोपर्यंत प्रभातचे महत्त्वाचे चित्रपट येऊन गेले होते.

नारदीय कीर्तनाशी असलेले साम्य अधिक जवळचे वाटते. कीर्तनकार पूर्वरंगात मुख्य पद किंवा अभंग घेतो, त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात त्याच विचाराला धरून आख्यान लावतो आणि शेवटी पुन्हा मूळ पदावर येतो. शब्द तेच असतात. पण मधल्या आख्यानाने श्रोता बदललेला असतो, त्यामुळे पदाचा अर्थही त्याच्यासाठी बदलतो. शीर्षकगीताचा सखोल अर्थ म्हणतात तो बहुधा असाच घडतो.

१९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभातच्या चित्रपटांत ही रीत ठळकपणे दिसते. ‘कुंकू’ (१९३७) या जरठ-बालाविवाहावरील चित्रपटात पार्श्वसंगीत कटाक्षाने टाळले होते, केवळ नैसर्गिक ध्वनी वापरले होते. त्यामुळे त्यातील प्रत्येक गीत विलक्षण उठून दिसते. शांताराम आठवले यांचे ‘मन सुद्ध तुझं’ हे त्यांपैकी एक. ते गाणारा रस्त्यावरचा भिक्षेकरी आहे, संबोधन ‘गड्या’ असे पुरुषाला उद्देशून आहे. पण निर्भयपणे पुढे चालण्याचा हा उपदेश खऱ्या अर्थाने लागू पडतो तो लादलेले लग्न नाकारणाऱ्या नीरेला. ‘माणूस’ (१९३९) मधील ‘कशाला उद्याची बात’ या अनंत काणेकर यांच्या गीतातही असेच आहे: प्रथम ऐकताना ते बेफिकिरीचे वाटते, पण गाणाऱ्या मैनेच्या वाट्याला उद्याच नाही हे उमगल्यावर तेच शब्द जड होतात.

‘सामना’मधील ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ हे गीत (कवी आरती प्रभू, संगीत भास्कर चंदावरकर, गायक रवींद्र साठे) या दृष्टीने सर्वांत बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या ओळीत क्रियापद नाही. शिवाय मराठीत ‘कुणाच्या’ हे रूप अनिश्चितार्थी आहे आणि प्रश्नार्थकही. म्हणून ओळ दोन प्रकारे ऐकू येते: ‘कोणातरी एकाच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचे तरी ओझे’ हे जगरहाटीचे विधान म्हणून, आणि ‘नेमके कोणाचे ओझे कोणी वाहिले?’ या जाबाच्या स्वरूपात. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हा चित्रपटातील मास्तरांचा प्रश्न साखरसम्राट हिंदुरावाच्या साम्राज्याला तडे देऊ लागतो, तसा पहिला अर्थ मागे सरून दुसरा पुढे येतो. विजय तेंडुलकरांच्या पटकथेने जे प्रसंगांतून साधले, ते या ओळीने केवळ एका सर्वनामाच्या बळावर साधले आहे. चंदावरकर पुण्याच्या चित्रपट संस्थेत, म्हणजे प्रभातच्याच जुन्या आवारात, संगीत शिकवीत असत.

कॅसेटच्या काळापासून गीत चित्रपटाच्या आधीच घरोघरी पोचू लागले आणि कथेतून अर्थ घडण्याचा हा क्रम पुष्कळदा उलटला. काही गीते तर चित्रपटापासून पूर्णपणे सुटी झाली आहेत. ‘संत तुकाराम’ (१९३६) साठी आठवले यांनी रचलेले ‘आधी बीज एकले’ अनेक जण तुकोबांचाच अभंग समजून भक्तिभावाने म्हणतात. गाथेत मात्र ते नाही.