पंचगंगा इंचाइंचानं का उतरते?

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या एकच चौकशी असते : पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 मध्ये हा आकडा 55 फुटांच्या पुढे गेला होता. प्रत्येक पुरात एक तक्रारही हमखास ऐकू येते : "पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी पाणी इंचाइंचानंच उतरतंय. वरून कुणीतरी सोडतंय नक्की." धरणांचे विसर्ग, खालच्या बाजूचा फुगवटा (म्हणजे पुढं पाणी तुंबून मागं चढणं) ही कारणं तपासलीच पाहिजेत. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फूट हे उंचीचं, म्हणजे लांबीचं माप आहे. ते पाणी मोजत नाही.

पाणी मोजायचं तर घनफूट किंवा लिटर लागतात. शेतात पसरलेल्या पाण्याला चौरस फूट, गुंठा, एकर लागतात. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, 1089 चौरस फूट. त्यात फूटभर पाणी साचलं की 1089 घनफूट, म्हणजे जवळजवळ 31 हजार लिटर झालं. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ हे तिघं शाळेच्या पुस्तकात शेजारी शेजारी बसतात आणि पुराच्या चर्चेत एकमेकांत मिसळून जातात.

आता खरी गंमत बघा. नदी पात्रात असते तेव्हा तिचा पृष्ठभाग अरुंद असतो. ती पात्राबाहेर पडली की चिखली-आंबेवाडीच्या शिवारात, उसाच्या फडांत पसरते. तांब्याभर पाणी कळशीत ओतलं तर पातळी चांगली चढते. तेच परातीत ओतलं तर तळ जेमतेम भिजतो. म्हणजे खालचा एक फूट आणि वरचा एक फूट यांत मावणारं पाणी सारखं नसतं.

याचं गणित एका ओळीचं आहे. येणाऱ्या पाण्यातून जाणारं पाणी वजा करा, उरलेल्याला पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानं भागा. पातळी किती वेगानं बदलते ते मिळतं. समजा, पाऊस थांबलाय आणि येणाऱ्यापेक्षा जाणारं पाणी 10 हजार क्युसेकनं जास्त आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे तासाला 3 कोटी 60 लाख घनफूट पाणी कमी होतंय. पूर 10 चौरस किलोमीटरवर पसरला असेल, तर पातळी तासाला 4 इंच उतरेल, दिवसात 8 फूट. तोच पूर 100 चौरस किलोमीटरवर असेल, तर तासाला अर्धा इंचही नाही. दिवसभरात जेमतेम 10 इंच. पाणी तेवढंच निघून चाललंय, पट्टीवर मात्र हलल्यासारखं वाटत नाही. जसजसं शिवार मोकळं होतं तसतसं क्षेत्रफळ घटतं आणि उतरण्याचा वेग वाढायला हवा. अर्थात पातळी खाली आली की नदीचा वाहून न्यायचा जोरही कमी होतो, म्हणून हिशेब इतका सरळ राहत नाही. पण क्षेत्रफळ हा त्यातला मोठा भागीदार आहे.

चढतानाही हेच होतं, आणि ते जास्त धोक्याचं. 45 फुटांना पातळी "फक्त दोन इंच वाढली" म्हणून लोक निर्धास्त होतात. त्या दोन इंचांत पात्रातल्या कित्येक फुटांइतकं पाणी असू शकतं.

धरणाची टक्केवारी वाचतानाही अशीच फसगत होते. "50 टक्के भरलं" म्हणजे भिंतीच्या निम्म्यापर्यंत पाणी, असा समज असतो. टक्केवारी घनफळाची असते. दरी खाली निमुळती आणि वर रुंद होत जाते. पाण्याची उंची निम्मी झाली की रुंदीही निम्मी आणि मागं पसरलेली लांबीही निम्मी, असं धरून चाला. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं : साठा उरला आठवा हिस्सा, साडेबारा टक्के. अशा दरीत 100 फुटी धरण निम्मं भरायला पाणी 79 फुटांपर्यंत चढावं लागतं, आणि बाकीचा निम्मा साठा वरच्या 21 फुटांत मावतो. खरी दरी इतकी रेखीव नसते, पण कल हाच असतो. म्हणूनच धरण भरत आलं की पातळी फूटभर चढली तरी टक्केवारी मोठी उडी मारते.

कोल्हापूरच्या वरच्या बाजूच्या राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की मोबाईलवर "तासाभरात कोल्हापूर पाण्याखाली" असे निरोप फिरतात. ते पुढं पाठवू नयेत. त्यातून घाबरणारी माणसं खरी असतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक सुटतात. दिवसभर तो उघडा राहिला तर सुमारे 0.12 टीएमसी पाणी जातं. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. राधानगरीचा साठा साधारण 8.36 टीएमसी आहे. विसर्गाची दखल घ्यायचीच, पण पूर मुख्यतः कशानं येतो हे पाहायचं तर पावसाकडे वळावं लागतं.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे पुन्हा लांबीच. मात्र इथं क्षेत्रफळ हाताशी असलं की घनफळ लगेच निघतं : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. 100 मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर 10 हजार लिटरचा एक टँकर, एकरावर चाळीस. आणि 283 चौरस किलोमीटरवर तेवढाच पडला की झालं एक टीएमसी, कुठल्याही धरणाचा दरवाजा न उघडता.